बाथरूमच्या जाळीवरची काळी ‘ततैया’ आणि तिचं खालीवर हलणारं पोट

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सुदामानगरात तळमजल्यावरचं जुनं घर आहे. पावसाळा लागल्यापासून बाथरूमच्या खिडकीच्या जाळीवर रोज एक-दोन काळ्या, बारीक कमरेच्या माश्या दिसतात. उडतात कमी, चालतात जास्त, आणि पोटाचा इवलासा तुकडा सारखा खालीवर हलवत असतात. घरात लहान मूल आहे. गॅलरीत ट्यूबलाइटच्या पट्टीमागे मातीचं घर सापडलंय, ते यांचंच का? पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, ततैया (म्हणजे हिंदीतली गांधीलमाशी) आहे, पोळं भिंतीत असणार, सगळ्या घराला फवारणी करून घ्या. करावी का?

करू नका. ही ततैया नाही. भिंतीत पोळं नाही, मुलाला ती डंख मारणार नाही. मात्र तिच्या येण्यातून एक गोष्ट कळते आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही: बाथरूमच्या नालीत किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये मोठ्या तांबड्या झुरळांनी अंडी घालून ठेवली आहेत. मातीचं घर तिसऱ्याच कुणाचं आहे, त्याचं पुढे सांगतो.

शास्त्रीय नाव इव्हानिया अ‍ॅपेंडिगॅस्टर. जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्येच हिची नोंद केली आणि नावातच पोटाकडे बोट दाखवलं. अ‍ॅपेंडिगॅस्टर म्हणजे मागाहून टांगल्यासारखं पोट असलेली. इंग्रजीतलं तिचं नाव निशाणावरून पडलंय, म्हणून इथे आपण तिला झेंडामाशी म्हणू. गांधीलमाशी, मधमाशी आणि मुंगी यांच्याच मोठ्या गोतावळ्यातली ही दूरची नातेवाईक. एकटी राहते. राणी नाही, कामकरी नाहीत, राखायला घर नाही. राखायलाच काही नसल्यामुळे माणसाच्या अंगावर येण्याचं तिला कारणही नाही.

तुमच्या वर्णनातलं ‘पोटाचा तुकडा खालीवर’ एवढं वाक्य ओळख पटायला जवळजवळ पुरेसं आहे. तरी खात्री करून घ्यावी. जाळीवर बसलेल्या माशीवर काचेचा पेला उपडा ठेवा, खालून पोस्टकार्डासारखा जाड कागद हळूच सरकवा. पेला तसाच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच-सात मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नको, मरेल. थंडीने ती सुस्तावते आणि मिनिटभर शांत बसते. तेवढ्यात शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवून बाजूने फोटो घ्या. लोक नेहमी वरून फोटो काढतात आणि नेमकं जे बघायचं तेच त्यात दिसत नाही. वरून बघितलं तर हिचं पोट मागच्या पायांमध्ये हरवून जातं आणि नुसती एक काळी माशी दिसते.

बाजूने बघा. डोकं आणि छाती काळीकुट्ट, जाडजूड, भिंगाखाली खडबडीत. टाचणीने टोचून काढल्यासारखे बारीक खड्डे दिसतील. जिवंत असताना डोळ्यांवर निळसर झाक असते. पुढचे दोन पाय जोड आखूड, मागचा जोड मात्र चांगलाच लांब, कोळ्याच्या पायांची आठवण करून देणारा. आता कंबर शोधा. गांधीलमाशीची कंबर छातीच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूला असते. हिची तशी नाही. पाठीच्या उतारावर, मागच्या पायांच्या मुळापासून बरंच वर, एक बारीक दांडी फुटलेली असते आणि त्या दांडीला पोट लावलेलं असतं. पोट बाजूने चपटं, मादीचं साधारण त्रिकोणी, नराचं त्याहून लहान. काठीला लावलेली पताका हलावी तसं ते हलतं. सगळी माशी सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडी लहान भरते. एवढ्या खुणा जुळल्या तर दुसरा कीटक असण्याची शक्यता उरत नाही. रंगावर मात्र जाऊ नका. काळे, बारीक कमरेचे कीटक घरात डझनावारी येतात.

जुळल्या नाहीत तर? मग पंख मोजा. दोनच पंख असतील तर ती साधी माशीच, गांधीलमाशीचं सोंग घेतलेली; डंखाचा प्रश्नच मिटला. इंदुरात ओल्या कचऱ्याचं खत आता बऱ्याच घरी होतं, आणि अशा ड्रमभोवती एक लांबट काळी माशी हमखास घोटाळते. तिच्या मिशा माशीच्या मानाने लांब असतात, त्यामुळे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. खूण अशी की पावलं पांढरी आणि पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या, ज्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. ही काळी सोल्जर माशी. खतात चपट्या, करड्या, चिवट कातडीच्या अळ्या दिसतात त्या हिच्याच, आणि कचरा संपवण्याचं काम त्या झपाट्याने करतात. ड्रमचं झाकण नीट लावा, बाकी काही करायला नको.

चार पंख, लांब विळ्यासारखं वाकलेलं नारिंगी पोट, आणि रात्री दिव्यावर येते, तर ती इक्न्यूमॉन या परजीवी माश्यांच्या गटातली. तिचंही पोट बाजूने चपटं असतं, पण लांब असतं आणि झेंड्यासारखं हलत नाही. मुठीत धरली तर टोचते, आपणहून नाही. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर ट्यूबलाइटवर आपटणारं, तपकिरी, लवदार, सॉसेजसारख्या जाड पोटाचं जे धूड येतं, त्याला बहुतेक लोक भिऊन चप्पल मारतात. तो डोरिलस जातीच्या मुंगीचा नर आहे. त्याला नांगीच नाही.

आणि कधी अंगणात मोरपंखी हिरवी, चकचकीत, मागच्या दोन पायजोडांच्या मांड्या लालभडक असलेली, दोनेक सेंटीमीटरची माशी झुरळाला मिशी धरून ओढत नेताना दिसली तर कामधाम सोडून बघत उभे राहा. ती अँप्युलेक्स. पहिला डंख झुरळाच्या छातीत, त्याने पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरा थेट डोक्यात, त्याने झुरळाची पळायची इच्छाच संपते. पाय शाबूत असतात, चालता येतं, पण आपणहून पाऊल उचलत नाही. मग ती त्याच्या मिशा अर्ध्यावर कुरतडते आणि गाय दाव्याला धरून न्यावी तशी त्याला बिळात नेते, पायाशी एक अंडं चिकटवते आणि तोंड बुजवते. झुरळं खाणाऱ्या माश्यांमध्ये दिखाऊ हीच. झेंडामाशी तिच्यापुढे अगदीच कारकुनी थाटाची, पण घरासाठी जास्त उपयोगाची, कारण ती मुळावर घाव घालते.

आता ते मूळ. मोठं तांबडं झुरळ, ज्याला आपण गटारातलं झुरळ म्हणतो, सुटी अंडी घालत नाही. चवळीच्या दाण्याएवढी, साधारण ८ मिलिमीटर लांबीची, काळसर तपकिरी डबी घालतं. आकार जुन्या बटव्यासारखा, वरच्या कडेला दातेरी शिवण. एका डबीत १४ ते १६ अंडी. मादी ही डबी एखाद-दोन दिवस पोटाच्या टोकाशी मिरवते आणि मग चेंबरच्या विटांच्या सांध्यात, वॉश बेसिनच्या पाइपमागे, भिजलेल्या पुठ्ठ्याखाली लाळेने चिकटवून निघून जाते. झेंडामाशीची मादी मिशांनी चाचपत अशा डब्या हुडकते. सापडली की तिच्या शेजारी एका अंगावर कलंडते, पोटाच्या टोकाने कवच पोखरते आणि आत एकच अंडं सोडते. त्यातून निघालेली अळी डबीतली झुरळाची अंडी एकेक करत सगळी संपवते, तिथेच कोष करते आणि दीड-दोन महिन्यांनी डबीच्या टोकाजवळ गोल भोक पाडून माशी बाहेर येते. प्रौढ माशी नंतर दोन-तीन आठवडे जगते, फुलांतला मध खाते. कोथिंबीर, बडीशेप यांच्यासारखी छत्रीदार फुलं तिला आवडतात.

स्वयंपाकघरातलं लहान, फिकट झुरळ, जे ओट्याच्या ड्रॉवरमध्ये पळतं, त्याच्याशी हिचा संबंध नाही. ते झुरळ डबी फुटायची वेळ येईपर्यंत पोटाशीच बाळगून फिरतं, त्यामुळे हिला संधीच मिळत नाही. म्हणून बाथरूममध्ये झेंडामाशी दिसली तर शोध ओट्याखाली नको, नालीत घ्या.

पावसाळ्यात आणि बाथरूममध्येच का, तर पावसाचं पाणी चेंबरमध्ये चढलं की झुरळं वर सरकतात आणि फरशीच्या जाळीतून, पाइपाभोवतीच्या फटीतून घरात शिरतात. माशी त्यांच्या डब्यांच्या मागावर असते, किंवा तुमच्याच भिंतीच्या फटीतल्या डबीतून जन्मलेली असते. घरात आली की उजेडाकडे जाते आणि जाळीवर अडकते. रोज एक-दोन दिसतात, म्हणजे जवळपासच कुठेतरी डब्या फुटताहेत.

डब्या शोधा. सकाळी, टॉर्च घेऊन. जागा अशा: बेसिनचा पाइप भिंतीत जातो तिथली वर्तुळाकार फट, कमोडच्या टाकीची मागची बाजू, वॉशिंग मशीनखालची फळी, आणि बाहेरच्या चेंबरच्या झाकणाची आतली बाजू. चेंबर म्हणजे घराच्या नालीचा लहान चौकोनी चेंबर, सेप्टिक टँक नव्हे. टँकच्या तोंडाशी वाकायचं नाही, त्यातल्या वायूने माणसं जातात. चेंबरचं झाकणही उघडून थोडं थांबा, मग बघा.

डबी मिळाली की ती वाचता येते. शिवणीवर लांबट उसवलेली असेल तर त्यातून झुरळं निघाली. टोकाजवळ एकच गोल, स्वच्छ कडेचं भोक असेल तर झेंडामाशी निघाली. टाचणीने टोचल्यासारखं अगदी बारीक भोक असेल तर तिसरीच एक आहे, अ‍ॅप्रोस्टोसेटस. जेमतेम दोन मिलिमीटरची, एका डबीतून डझनांनी निघते आणि लोकांना चिलट वाटते. भोक नाही, शिवण बंद, दाबली तर टणक, म्हणजे आत अजून कुणीतरी आहे. अशा चार-पाच डब्या काचेच्या बरणीत घाला, तोंडाला मलमलीचा दुहेरी तुकडा रबरबँडने घट्ट बांधा, बरणी सावलीत ठेवा, तारीख लिहा. दोन महिन्यांत काय निघतं ते दिसेल. माशी निघाली तर बाहेर सोडा, झुरळाची पिल्लं निघाली तर साबणाच्या पाण्यात. मुलांना दाखवायला हा प्रयोग छान आहे. बाकी बंद डब्या चिमट्याने उचलून पक्कडीत चिरडल्या की झालं. नुसत्या केरात टाकल्या तर केरात फुटतात.

फवारणी का नको, ते इथे स्पष्ट होतं. झुरळाच्या डबीचं कवच फवाऱ्याला दाद देत नाही. फवारा मारला की समोर आलेली मोठी झुरळं मरतात, जाळीवरची झेंडामाशी तर पहिल्या झटक्यात मरते, आणि डब्या तशाच राहतात. महिना-दीड महिन्याने एकेका डबीतून पंधरा-पंधरा पिल्लं येतात आणि माणूस म्हणतो, औषध भेसळीचं होतं. औषधाचा दोष नसतो, वेळेचा असतो. शिवाय लहान मूल असलेल्या घरात सगळ्या भिंती न्हाऊ घालण्यात शहाणपण नाही.

त्याऐवजी वाट बंद करा. बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या वाकलेल्या भागात, पाणी साचून राहायला हवं. जुन्या घरांत कित्येकदा ट्रॅप नसतोच, नुसता पाइप सरळ चेंबरमध्ये जातो. तसं असेल तर प्लंबरकडून पाण्याची सील असलेली ट्रॅप-जाळी बसवून घ्या. ट्रॅप आहे पण बाथरूम वापरात नाही, तर उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटतं आणि झुरळांना राजमार्ग मिळतो. आठवड्याला दोन तांबे पाणी ओतायचं, बस्स. माळ्यावरच्या किंवा पाहुण्यांच्या खोलीच्या बाथरूमचं हेच दुखणं असतं. उकळतं पाणी ओतायचा सल्ला सगळे देतात. पीव्हीसी पाइप असेल तर देऊ नका, सांधे सैल होतात आणि गळती लागते. बेसिनच्या पाइपाभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने किंवा एमसीलने भरा. चेंबरचं झाकण डुगडुगत असेल किंवा कोपरा तुटलेला असेल तर बदला. झुरळाला सुतळीएवढी फट पुरते.

औषध लागलंच तर जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल मिळतं. मसुरीएवढे ठिपके, फटींच्या तोंडाशी, चेंबरच्या वरच्या कोरड्या कडेला, पाइपमागे, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी. दोन चुका फार होतात. एक, जेल लावून वर फवाराही मारतात. फवाऱ्याच्या वासाने झुरळं त्या जागेकडे फिरकत नाहीत आणि जेल वाया जातं. दोन, एकदा लावून विसरतात. त्या दिवशी डबीत असलेली पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येणार, तोवर जेल वाळून खडा झालेलं असतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी दुसरा हात द्यायचाच, पहिल्याने झुरळं दिसेनाशी झाली तरी. झेंडामाशीला जेलमध्ये रस नसतो, ती वाचते.

नुसत्या झेंडामाश्यांच्या भरवशावर झुरळं जातील का, असं कुणी विचारलं तर नाही. एक माशी एका डबीत एक अंडं घालते, आणि झुरळाची मादी भर हंगामात आठवड्याला एक डबी टाकते. हिशेब जमत नाही. पण जे पंधरा कमी होतात ते फुकटात होतात. नाली दुरुस्त झाली, झुरळं कमी झाली, की माश्या आपोआप दिसायच्या थांबतील. तोवर जाळी उघडून बाहेर जाऊ द्या.

आता गॅलरीतलं मातीचं घर. झेंडामाशी मातीला हात लावत नाही, तेव्हा ते तिचं नक्की नाही. ते कुंभारीणमाशीचं. इंदुरात दोन प्रकारच्या कुंभारणी घरात येतात आणि दोघींची माती वेगळी ओळखू येते. एक स्केलिफ्रॉन: काळं अंग, पिवळे पाय, सुतासारखी लांब कंबर. ती बोटाएवढ्या नळ्या एकमेकींना चिकटवते आणि वरून सगळ्यावर लिंपण करते. शेवटी भिंतीवर कुणी चिखलाचा गोळा फेकून मारल्यासारखा दिसतो. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, फोटोफ्रेममागे, पडद्याच्या दांडीवर असतो तो बहुतेक हाच. दुसरी डेल्टा आणि तिच्या जवळच्या जाती: त्या खरोखरीची सुगडं घडवतात, गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ. काठ बघून चाकावरून उतरवल्यासारखं वाटतं. आत अंडं छताला धाग्याने टांगलेलं असतं, मग ती बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. स्केलिफ्रॉन अळ्या भरत नाही, कोळी भरते, एकेका खोलीत पुष्कळ. गोळा फोडल्यावर कोळी निघाले की अळ्या, यावरून मालकीण कळते.

आपल्याकडे संतवाङ्मयात अळी आणि भिंगुरटीचा जो दृष्टान्त आहे, अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही जिला जागा मिळाली ती भिंगुरटी म्हणजे हीच मंडळी. अळीला घरात कोंडलं, तिने भयाने माशीचं ध्यान केलं आणि ती माशीच होऊन बाहेर आली. निरीक्षण अचूक आहे: आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधल्या बंद दाराआड काय झालं तेवढं कल्पनेने भरलं गेलं. अळी माशी होत नाही, माशीच्या पिल्लाच्या पोटात जाते.

कुंभारणीही एकट्या राहतात. घराजवळ हात नेला तरी अंगावर येत नाहीत. मुठीत पकडली तरच डंख बसतो. घराला गोल भोक असेल तर ते रिकामं आहे, खुशाल खरवडा. भोक नसेल आणि जागा अडचणीची नसेल तर राहू द्या, काही आठवड्यांत भोक पडेल. कधी त्या भोकातून हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी, छेडली की गोळा होणारी माशी निघते. ती स्टिल्बम, कुंभारणीच्या घरात चोरून अंडं घालणारी. तिलाही घाबरायचं कारण नाही. खरवडायचं तर ट्यूबलाइटची मेन आधी बंद करा, माती पाण्याने भिजवू नका, कोरडीच लोखंडी पात्याने उचला, डाग ओल्या फडक्याने पुसा. वाळलेली माती विजेच्या जोडाजवळ ओली केली की शॉकची भीती.

एकाच ठिकाणी कुंभारीण खरोखर उपद्रव करते: नळ्यांमध्ये. एसीचा पाणी जाणारा पाइप, गीझरच्या वॉल्व्हचं तोंड, कुलपाचं भोक, न वापरलेला प्लग पॉइंट. एसीतून घरात पाणी ठिबकायला लागलं तर मेकॅनिकला बोलावण्याआधी पाइपचं बाहेरचं तोंड बघा. तोंडाला नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला की प्रश्न संपतो. हे किरकोळ वाटेल, पण ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. हवेचा वेग मोजणारी नळी तुंबली होती आणि ती अशाच माशीच्या मातीने तुंबली असावी, असा तपासातला संशय होता.

खरी ततैया कशी ओळखायची, हेही सांगून ठेवतो, म्हणजे नको तिथे बेफिकीर राहणार नाही. ज्यांचं कागदी पोळं असतं, ज्या घोळक्याने राहतात, त्या बसल्या की पंख लांबीत दुमडतात. पंख अंगाच्या दोन बाजूंना अरुंद पट्ट्यांसारखे दिसतात. झेंडामाशी किंवा स्केलिफ्रॉन पंख असे दुमडत नाही. डेल्टा दुमडते, पण ती एकटीच असते. पोह्यांबरोबरच्या जलेबीच्या थाळीवर जी तांबूस, पोटावर पिवळे पट्टे आणि पिवळं तोंड असलेली, दोन-अडीच सेंटीमीटरची दांडगी येते, ती व्हेस्पा ओरिएंटॅलिस. तिचं पोळं जमिनीत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत असतं. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या मनात हीच असणार. हिची ओळख अशी की एकाच भोकातून दिवसभर आत-बाहेर रहदारी दिसते. तशी रहदारी दिसली तर भोक बुजवू नका, रॉकेल ओतू नका, काडी तर मुळीच लावू नका. मुलांना दूर ठेवा आणि पोशाख घालून काम करणाऱ्या माणसाला बोलवा. काळं अंग आणि पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली व्हेस्पा ट्रॉपिका. ती दुसऱ्या गांधीलमाश्यांची पोळी लुटायला येते.

छज्ज्याखाली किंवा खिडकीच्या आडोशाला उघड्या खणांचं लहानसं करडं पोळं असेल आणि माश्या तांबूस, बारीक असतील तर रोपॅलिडिया. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीचा कित्येक दशकं अभ्यास केला आहे. हिची राणी इतकी शांत आणि इतरांसारखीच दिसणारी असते की नुसतं बघून ती ओळखता येत नाही. पोळ्याला धक्का लागला तर मात्र चावतात. वाटेच्या, दाराच्या, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या जवळ असेल तर काढावं, वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात असेल तर सोडून द्यावं.

मुलाला कधी डंख बसलाच तर: गांधीलमाशीचा काटा आत राहत नाही, शोधत बसू नका. साबणपाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावा. चुना, तंबाखू, लोखंड घासणं, यांपैकी काही नको. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वासाला त्रास, उलट्या, गळाठा, यांतलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. मोठ्या व्हेस्पाचे एकाच वेळी अनेक डंख बसले तर मूल बरं दिसत असलं तरी दवाखान्यात दाखवा, आणि पुढचे दोन दिवस लघवी कमी किंवा काळपट होत नाही ना, यावर लक्ष ठेवा. विषाचा मार मूत्रपिंडावर उशिरा दिसतो.

गॅलरीतल्या गोळ्याला अजून भोक नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. खरवडायचाच असेल तर फुटलेल्या खोलीचा एक फोटो जवळून घेऊन पाठवा, आत कोळी आहेत की अळ्या एवढं दिसलं तरी पुरे. आणि बाथरूममधल्या माशीचा फोटो पाठवलात तर बाजूने घेतलेला असू द्या.